दुरुस्तीनंतर क्लच न सुटणे

दुरुस्तीनंतर क्लच न सुटणे हा हाताने गिअर बदलण्याच्या वाहनांत आढळणारा एक यांत्रिक दोष आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लचची केबल किंवा गिअरबॉक्स यांपैकी एखाद्या भागाचे काम करून वाहन पुन्हा जोडले जाते. परंतु पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा परस्परसंबंध पूर्णपणे तुटत नाही. परिणामी इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, पडलाच तर खरखरतो, आणि गिअर पडल्यावर पेडल दाबलेले असतानाही वाहन पुढे सरकू पाहते.

हा दोष नव्याने बसवलेला भाग मुळात सदोष असल्यामुळे क्वचितच उद्भवतो. नवा भाग बसल्यावर यंत्रणेतील मापे बदलतात, आणि त्या बदलाप्रमाणे उर्वरित जोडणी जुळवून घेतली गेलेली नसते, हे त्याचे अधिक नेहमीचे कारण होय. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याचे श्रम आणि खर्च मोठा असल्यामुळे, बाहेरून करता येणारी तपासणी आधी आणि आतील तपासणी नंतर हा क्रम महत्त्वाचा ठरतो. रायगड जिल्ह्यातील नागावसारख्या समुद्रकाठच्या गावांत खारी हवा, गंज आणि वाळू यांमुळे या दोषाला काही स्थानिक कारणेही जोडली जातात.

शब्दप्रयोग

मराठीत या दोषाचे वर्णन करताना 'सोडणे' आणि 'सुटणे' या दोन क्रियापदांमुळे बराच घोटाळा होतो. चालकाच्या भाषेत 'क्लच सोडणे' म्हणजे पेडलवरून पाय उचलणे. तसे केल्यावर क्लच प्रत्यक्षात जोडला जातो. कारागीर जेव्हा 'क्लच सुटत नाही' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नेमकी उलट अवस्था असते, म्हणजे पेडल दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून विलग होत नाही. 'क्लच सोडताना गाडी थरथरते' ही तक्रार तिसऱ्याच दोषाची आहे, आणि 'क्लच घसरतो' ही तर अगदी विरुद्ध दोषाची. तीत क्लच नीट पकडतच नाही.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. घसरणाऱ्या क्लचसाठी केबल सैल करावी लागते, तर न सुटणाऱ्या क्लचसाठी ती ताणावी लागते. ग्राहकाने दोषाचे नाव चुकीचे सांगितले आणि कारागिराने वाहन स्वतः चालवून न पाहता नट फिरवला, तर दोष कमी होण्याऐवजी वाढतो. त्यामुळे तक्रार सांगताना दोषाचे नाव न घेता लक्षण सांगणे अधिक उपयोगी असते: इंजिन बंद असताना गिअर पडतो का, चालू असताना पडतो का, आणि पडल्यावर वाहन काय करते.

रचना आणि कार्य

इंजिनाच्या मुख्य दांड्यावर फ्लायव्हील म्हणजे गतिपालक चक्र बसवलेले असते. त्याच्यावर बोल्टांनी प्रेशर प्लेट जोडलेली असते आणि या दोहोंमध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते आणि तिच्या मध्यभागी खाचा असलेली नळी असते. गिअरबॉक्समधून पुढे आलेला शाफ्ट या नळीत बसतो; त्या शाफ्टवरील खाचांवर प्लेट पुढेमागे सरकू शकते, मात्र त्याच्याखेरीज स्वतंत्रपणे फिरू शकत नाही. पेडल दाबल्यावर केबल किंवा तेलाचा दाब फोर्क हलवतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्या दाबते. पाकळ्या आत गेल्या की प्रेशर प्लेटची कडा मागे येते आणि क्लच प्लेट मोकळी होते.

या सर्व हालचालींचा शेवट फार लहान असतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. पायाखालचे पेडल शंभराहून अधिक मिलिमीटर खाली जाते, पण प्रेशर प्लेट मागे सरकते ती साधारणपणे एक ते दोन मिलिमीटर. त्यातीलही काही भाग अस्तराखालच्या लवचीक पत्र्यांचे दबलेपण उलगडण्यात खर्च होतो. उरलेली फट प्लेटच्या दोन्ही अंगांना वाटली जाते, म्हणजे प्रत्येक बाजूस मिलिमीटराचा काही अंशच मोकळा राहतो. पेडलच्या बाजूने वीस-तीस मिलिमीटर हालचाल वाया गेली, एखादी पट्टी वाकली, केबलचा आधार लवला किंवा तेलात हवेचा एक बुडबुडा राहिला, तर तेवढ्याने ही फट नाहीशी होऊ शकते. पेडल 'नेहमीसारखेच' लागत असूनही क्लच का सुटत नाही, या कोड्याचे उत्तर बहुधा या हिशेबात असते.

दुरुस्तीनंतरच दोष का दिसतो

क्लच प्लेट झिजत जाते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि तिच्या मधल्या पाकळ्या त्याच मानाने रिलीज बेअरिंगकडे उचलल्या जातात. पेडलमधील मोकळी हालचाल त्यामुळे कमी होते. कारागीर किंवा चालक वेळोवेळी केबल सैल करून ती पूर्ववत करत राहतो. अशा वाहनात पूर्ण जाडीची नवी प्लेट बसली की पाकळ्या पुन्हा आत, म्हणजे बेअरिंगपासून दूर जातात. जुन्या झिजलेल्या प्लेटसाठी सैल केलेली केबल तशीच राहिली, तर पेडलचा मोठा भाग पोकळीतच जातो आणि उरलेल्या हालचालीत क्लच सुटत नाही. दुरुस्तीनंतर लगेच दिसणाऱ्या या दोषाचे हे सर्वांत साधे कारण आहे. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. दोन पाने आणि काही मिनिटे पुरतात. तरीही ते नेहमी दुर्लक्षिले जाते, कारण 'सगळे नवे टाकले आहे' या समाधानात जुन्या केबलची आठवण कोणालाच राहत नाही.

मोकळ्या हालचालीचे माप प्रत्येक वाहनासाठी वेगळे असते. केबलवर चालणाऱ्या पुष्कळ लहान मोटारींत ते पेडलच्या टोकाशी साधारण १५ ते २५ मिलिमीटरांच्या आसपास असते; नेमके माप त्या वाहनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते. १९८३ पासून भारतीय रस्त्यांवर आलेल्या मारुती ८०० मध्ये क्लच केबलवर चालत असे आणि हे माप हाताने जुळवावे लागे. पुढील काळातील काही वाहनांत केबल स्वतःच ताण जुळवून घेते. तेथे दुरुस्तीच्या वेळी जुळवणीची खाच योग्य रीतीने मोकळी केली गेली नाही, तर ती जुन्याच स्थितीत अडकून राहते.

फ्लायव्हील खरवडून सपाट करून घेतल्यानेही असाच परिणाम होतो. त्याची जाडी कमी झाली की संपूर्ण प्रेशर प्लेट तेवढी पुढे, बेअरिंगपासून दूर जाते. थोड्या खरवडीने बिघडत नाही, पण अनेकदा खरवडलेल्या फ्लायव्हीलवर नवा संच बसवल्यास फोर्कची हालचाल अपुरी पडू शकते. काही वाहनांत फ्लायव्हीलची कड आणि घर्षणाचा पृष्ठभाग यांत ठरावीक उंचीचा फरक असतो. केवळ घर्षणाचा भाग खरवडला आणि कड तशीच ठेवली, तर प्रेशर प्लेटचा दाबच बदलतो.

आतील जोडणीच्या चुका

बाहेरील जुळवणी योग्य असूनही क्लच सुटत नसेल तर दोष आत असतो. त्यातील पहिली शक्यता म्हणजे क्लच प्लेट उलटी बसणे. प्लेटच्या मध्यभागी धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांचा फुगवटा असतो आणि बहुतेक वाहनांत तो गिअरबॉक्सच्या बाजूला ठेवायचा असतो. उलट बसवल्यास तो फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकतो आणि प्लेट मागे सरकूच शकत नाही. अनेक प्लेटांवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ठेवावी याची खूण छापलेली असते, पण ग्रीसच्या हातांनी ती पुसली जाते किंवा वाचलीच जात नाही. ही चूक नवशिक्याचीच असते असे नाही. घाईच्या दिवसांत अनुभवी हातूनही ती घडते.

गिअरबॉक्स जोडताना त्याचे वजन क्षणभरही क्लच प्लेटच्या नळीवर लोंबकळत राहिले, तर प्लेट किंचित वाकते. डोळ्यांना हे वाकणे दिसत नाही. फिरताना मात्र तिची एक कड सतत फ्लायव्हीलला घासत राहते आणि क्लच कधीच पूर्ण मोकळा होत नाही. म्हणूनच गिअरबॉक्स चढवताना जॅकचा आधार शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत काढू नये, आणि प्लेट मध्यावर आणण्यासाठी अंदाजाऐवजी मार्गदर्शक दांडा किंवा जुना शाफ्ट वापरावा. गिअरबॉक्सचे बोल्ट आवळून तो शेवटचे काही मिलिमीटर खेचून बसवणे ही सवय सर्रास दिसते. प्लेट वाकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जागा निश्चित करणाऱ्या लहान खुंट्या असतात. जोडताना त्या हरवल्या वा राहून गेल्या, तर गिअरबॉक्स इंजिनाच्या अक्षापासून थोडा ढळतो. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूकडे वळल्यास तिचे कवच तिरपे होते. ते समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत न्यावे लागतात. रिलीज बेअरिंग फोर्कच्या पकडीत नीट न बसणे, फोर्क आपल्या टेकूवरून निसटणे, शाफ्टच्या खाचांवर गंज किंवा मार बसलेला असणे, या चुका त्यानंतर येतात. खाचांवर ग्रीसचा पातळ थर आवश्यक असतो. ग्रीस मुळीच नसेल तर प्लेट सरकत नाही. फार झाले तर ते उडून अस्तरावर जाते आणि काही दिवसांनी क्लच घसरू लागतो, तेव्हा ग्राहक दुसऱ्याच तक्रारीसह परत येतो.

एक कारण मात्र क्लचचे नसूनही क्लचच्या नावावर जमा होते. पुष्कळ वाहनांत गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यातील पायलट बेअरिंगमध्ये टेकलेले असते. ते बेअरिंग कोरडे पडून किंवा गंजून अडकले, तर प्लेट पूर्ण मोकळी झाली तरी इंजिनाबरोबर शाफ्ट फिरतच राहतो. लक्षणे हुबेहूब न सुटणाऱ्या क्लचची. क्लचचा पूर्ण संच बदलूनही दोष कायम राहण्यामागे हे बेअरिंग असू शकते. ते लहान आणि तुलनेने स्वस्त असते, आणि गिअरबॉक्स उतरलेला असतानाच बदलले गेले पाहिजे.

जुन्या वाहनांत आणखी एक शक्यता पाहावी लागते. इंजिनाच्या मुख्य दांड्याची आडवी टेकणारी बेअरिंगे झिजली असतील, तर पेडल दाबताच संपूर्ण दांडा पुढे सरकतो आणि क्लचला मिळावयाची हालचाल तो गिळून टाकतो. पेडल दाबताना इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे पाहिले तर हे लक्षात येते.

तेलाच्या दाबावर चालणारा क्लच

हायड्रॉलिक यंत्रणेत पेडलजवळचा मास्टर सिलिंडर आणि फोर्कजवळचा स्लेव्ह सिलिंडर एका नळीने जोडलेले असतात आणि त्यांत ब्रेक ऑइल असते. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे नळीत राहिलेली हवा पेडलची हालचाल गिळते. पेडल भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर क्लच सुटू लागत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा बिघडत असेल, तर हवा किंवा मास्टर सिलिंडरमधील गळणारे रबर यांचा संशय घ्यावा. पेडल कितीही वेळा दाबून काही फरक पडत नसेल आणि फोर्कची हालचाल पूर्ण असेल, तर दोष तेलाच्या मार्गात नसून आत आहे असे समजावे.

टाकीत इंजिन ऑइल किंवा इतर खनिज तेल ओतल्यास सिलिंडरची रबरे फुगतात. नंतर योग्य तेल भरूनही ती पूर्ववत होत नाहीत, बदलावीच लागतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून अर्धवट वापरलेला आणि महिनोन्महिने झाकण सैल राहिलेला डबा वापरू नये. नव्या पद्धतीच्या काही वाहनांत स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसह शाफ्टभोवती गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो. तो बसवण्याआधी किंवा गिअरबॉक्स जोडण्याआधी पेडल दाबले गेले तर त्याचे रबर निसटू शकते, आणि मग सारे काम पुन्हा करावे लागते.

तपासणीचा क्रम

प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहतात. तेव्हाही गिअर अडत असतील तर दोष गिअरबॉक्समध्ये किंवा गिअरच्या दांड्यांच्या जोडणीत आहे. इंजिन बंद असताना सहज पडणारे गिअर ते चालू होताच अडू लागले, तर क्लचचा संशय पक्का होतो. त्यानंतर सपाट जागी, इंजिन बंद ठेवून, पहिला गिअर टाकून आणि पेडल पूर्ण दाबून वाहन हाताने ढकलून पाहता येते. ते सहज ढकलले गेले तर क्लच सुटतो आहे. इंजिनाचा अडथळा जाणवला तर सुटत नाही. इंजिन चालू ठेवून करावयाच्या चाचणीत पेडल दाबून काही सेकंद थांबतात आणि मग मागे जाण्याचा गिअर टाकतात. बहुतेक वाहनांत या गिअरला वेग जुळवणारी यंत्रणा नसते, म्हणून शाफ्ट फिरत असल्यास तो लगेच खरखरतो.

यानंतर पेडलपासून आत आत जावे लागते. पेडलखाली जाड पायपुसणे घडी होऊन आले आहे काय, येथून सुरुवात होते. हे हास्यास्पद वाटले तरी त्यामुळे पेडल तळापर्यंत जात नाही. मग मोकळी हालचाल मोजावी, पेडलच्या बुशांची झीज आणि केबलचा आधार पाहावा. पेडल दाबताना आधाराचा पत्रा लवत असेल, तर तेवढी हालचाल वाया जाते. शेवटी सहायकास पेडल दाबावयास सांगून फोर्क किती सरकतो ते मोजावे आणि पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावे. वाहनाखाली जाण्यापूर्वी चाकांना अडथळे लावणे आणि जॅकखेरीज भक्कम आधार ठेवणे अत्यावश्यक आहे. हे मोजमाप इंजिन बंद ठेवूनच करावे.

फोर्कची हालचाल अपुरी असेल तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नसते. दोष बाहेरच आहे. ती पूर्ण असेल तरच आत पाहावे. काही वाहनांत तळाचे झाकण काढून किंवा स्टार्टर उतरवून क्लच प्लेटची कड दिसते. पेडल दाबलेले ठेवून प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यातील फट पातळ पट्ट्यांच्या मापकाने चारी बाजूंनी तपासता येते. फट सर्वत्र असूनही गिअर खरखरत असेल तर पायलट बेअरिंगकडे वळावे. एका बाजूस फट आणि दुसऱ्या बाजूस चिकट असेल तर प्लेट किंवा प्रेशर प्लेट वाकलेली आहे.

किनारी प्रदेशातील स्थिती : नागाव

नागाव हे अलिबाग तालुक्यातील समुद्रकाठचे गाव अलिबाग–रेवदंडा मार्गावर, आक्षी आणि चौल यांच्या दरम्यान वसलेले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि लांबलचक वाळूचा किनारा यांमुळे येथे मुंबई-पुण्याकडील पर्यटकांची वर्दळ असते. गावातील रोजचा प्रवास एस.टी., रिक्षा आणि विक्रम, मिनीडोर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सहा आसनी रिक्षांवर चालतो. वाड्यांतील माल टेम्पोने जातो. या वाहनांच्या क्लचवर येथील हवामानाचा परिणाम तीन प्रकारे होतो.

पहिला परिणाम गंजाचा. पावसाळ्यात सतत दमट हवेत किंवा पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनात फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे लोखंडी पृष्ठभाग गंजतात आणि क्लच प्लेट त्यांना चिकटून बसते. दुरुस्ती करून ठेवलेले पण सुटा भाग, कागदपत्रे किंवा पैसे यांची वाट पाहत पावसाळाभर वाडीत उभे राहिलेले वाहन सुरू करताच क्लच सुटत नाही, आणि दोष दुरुस्तीवर येतो. वास्तविक काम नीट झालेले असते. अशी चिकटलेली प्लेट पुष्कळदा न उघडता मोकळी होते: समोर व मागे पूर्ण मोकळी जागा असलेल्या मैदानात, पेडल दाबून ठेवून, इंजिन गरम झाल्यावर वाहन गिअरमध्ये सुरू करतात आणि वेग हलके हलके कमीजास्त करतात; झटक्यांनी प्लेट सुटते. दोन-तीन प्रयत्नांत ती सुटली नाही तर आग्रह धरू नये, कारण अस्तर फाटण्याची भीती असते. वाहन दीर्घकाळ उभे ठेवायचे असल्यास अधूनमधून इंजिन सुरू करून थोडे चालवणे हा यावरचा साधा प्रतिबंध आहे.

केबलही खाऱ्या हवेने गंजते. बाहेरील आवरण फाटलेले असेल तर आतील तार फुगून अडकते. पेडल जड होते आणि ताण फोर्कपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. फोर्क ज्या छिद्रातून बाहेर येतो तेथील रबरी आवरण दुरुस्तीनंतर पुन्हा न बसवणे ही किरकोळ वाटणारी चूक येथे महागात पडते. त्या छिद्रातून पावसाचे पाणी, वाळू आणि मीठ थेट बेअरिंगपर्यंत पोहोचतात.

तिसरा परिणाम वाळूचा, आणि तो बहुधा पाहुण्यांच्या मोटारींना भोवतो. किनाऱ्यावर उतरवलेली मोटार वाळूत रुतली की चालक अर्धवट क्लचवर जोर देऊन ती काढू पाहतो. काही मिनिटांत क्लच प्लेट जळून वास येऊ लागतो, आणि भरतीचे पाणी चढत असल्यास धीर धरणेही अवघड होते. या तापाने केवळ प्लेटचे अस्तर जात नाही; फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांवर निळसर डाग पडतात, बारीक तडे जातात आणि पृष्ठभाग तिरपे होतात. खर्च वाचवण्यासाठी अशा मोटारीत फक्त क्लच प्लेट बदलली गेली, तर नवी प्लेट वाकड्या पृष्ठभागांमध्ये कधीच पूर्ण मोकळी होत नाही. रुतलेले वाहन ट्रॅक्टरने किंवा दोर लावून वेळीच ओढून काढणे हे क्लचच्या दृष्टीने फार स्वस्त पडते.

रिक्षा आणि दुचाकी

तीनचाकी रिक्षा आणि मोटारसायकली यांत सामान्यतः तेलात बुडालेल्या अनेक पातळ प्लेटांचा क्लच असतो. तेथील कारणे थोडी वेगळी आहेत. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या नाहीत तर त्या कोरड्या राहून एकमेकींना चिकटतात वा लवकर जळतात. प्लेटांच्या बाहेरील पेटीच्या दांड्यांवर जुन्या प्लेटांनी खाचा पाडलेल्या असतील, तर नव्या प्लेटा त्या खाचांत अडकतात आणि हाताचा क्लच पूर्ण दाबूनही वेगळ्या होत नाहीत. खाचा कानशीने सपाट केल्याशिवाय किंवा पेटी बदलल्याशिवाय हा दोष जात नाही. काही मोटारसायकलींत ढकलदांड्याच्या टोकाशी एक लहान पोलादी गोळी असते. जोडताना ती निसटून पडली की क्लचची मूठ हलते, पण आत काहीच घडत नाही. मूठ सैल सैल लागत असेल आणि केबल ताणूनही फरक पडत नसेल, तर ही गोळी किंवा दांडा जागेवर आहे काय ते आधी पाहावे. रात्रभर उभ्या राहिलेल्या बुलेटसारख्या मोटारसायकलीत प्लेटा तेलाने चिकटतात. इंजिन सुरू करण्याआधी मूठ दाबून दोन-चार वेळा किक मारल्यास त्या सुटतात. याला दोष म्हणण्याचे कारण नाही.

न सुटणाऱ्या क्लचवर वाहन चालवणे

क्लच सुटत नसताना इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि स्टार्टरच्या जोरावर वाहन गिअरमध्येच सुरू करायचे, ही युक्ती अनेक चालकांना ठाऊक असते. निर्जन रस्त्यावरून वाहन कडेला घेण्यापुरती ती उपयोगी पडते. परंतु अशा वाहनाला थांबवण्यासाठी इंजिन बंद पाडणे किंवा गिअर खेचून काढणे एवढेच मार्ग उरतात. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांनी भरलेल्या अरुंद गावरस्त्यावर, शाळा सुटण्याच्या वेळी किंवा सहा आसनी रिक्षा प्रवाशांनी भरलेली असताना ती अवलंबणे धोक्याचे आहे. गिअरमध्ये सुरू होणारे वाहन समोरच्या माणसाला बाजूला होण्याइतका वेळ देत नाही. शिवाय गिअरच्या दातांना व वेग जुळवणाऱ्या कड्यांना इजा होऊन क्लचच्या दुरुस्तीवर गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची भर पडते. दिवसाच्या फेऱ्यांवर घर चालणाऱ्या चालकाला वाहन उभे करणे जड जाते हे खरे. पण वरील क्रमाने केलेली बाहेरची तपासणी तासाभरात संपू शकते.

जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरले जात असे. कोणत्याही जुन्या क्लचची धूळ तोंडाने वा हवेच्या दाबाने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

खर्चाची जबाबदारी

दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेल्या दोषासाठी दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्याचे पैसे कोणी द्यावे, यावरून ग्राहक आणि कारागीर यांच्यात वाद होतो. सुटे भाग ग्राहकाने स्वतः मुंबईहून किंवा पनवेलहून आणून दिलेले असतील तर तो अधिक गुंतागुंतीचा होतो. कारागीर भागाला दोष देतो आणि विक्रेता जोडणीला. अशा वेळी जुने काढलेले भाग हा सर्वांत चांगला पुरावा ठरतो. जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून व्यास, नळीतील खाचांची संख्या, जाडी आणि फुगवट्याची उंची ताडून पाहिली तर चुकीचा भाग मिळाला की जोडणी चुकली याचा निवाडा तेथेच होऊ शकतो. जुने भाग भंगारात देऊन टाकण्याची घाई म्हणूनच करू नये, आणि बिलावर प्रत्येक भागाचे नाव व मजुरी वेगळी लिहून घ्यावी.

पैसे घेऊन केलेली वाहनदुरुस्ती ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवा ठरते आणि तीतील त्रुटीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबाग येथे आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. मात्र बहुसंख्य प्रकरणांत दोष केबलच्या नटापाशी किंवा तेलातील हवेपाशी सापडत असल्याने, कारागिरासमोर फोर्कची हालचाल मोजून घेणे ही तक्रारीच्या आधीची पायरी होय.